मास्तरांचा खोकला

गाडी खोकली आणि गल्लीतली तीस-पस्तीस माणसं एकदम दोन पावलं मागे सरकली.

"तोच!" शिंपी म्हणाला. "अगदी तोच! क्लच सोडताना चुकलं की अस्साच खोकायचे."

"माझ्या तर अंगावर काटा आला," समोरच्या वहिनी म्हणाल्या, आणि पुरावा म्हणून बाही वर करून त्यांनी तो काटा सगळ्यांना दाखवला.

मी बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभा होतो. हातात पाना, कपाळाला काळं आणि डोक्यात शून्य. चार दिवस त्या गाडीशी झटापट करणारा मिस्त्री मीच. आणि खरं सांगायचं तर ती बिघडवणाराही मीच, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आधी मास्तरांबद्दल सांगतो. मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. आमची अर्धी गल्ली याच गाडीत, याच सीटवर बसून शिकली, मीसुद्धा. शिकणारा चुकला की मास्तर ओरडत नसत. एकदाच खोकत, कोरडं आणि आखूड, आणि मग एक शब्द टाकत. "क्लच." किंवा "आरसा." तेवढ्यानं माणूस घामाघूम व्हायचा. गाडीचा हॅंडब्रेक पहिल्यापासून ढिला, त्यामुळे चावी हातात देण्याआधी त्यांचा पहिला धडा ठरलेला असे. "गाडी उभी केली की गिअरमध्ये ठेवायची. हॅंडब्रेक माणसासारखा आहे, दमतो. गिअर दमत नाही. आपली गाडी उभी असताना कधीही गिअरमधून काढायची नाही." हे वाक्य गल्लीत प्रत्येकाला पाठ होतं.

तीन महिन्यांपूर्वी मास्तर वारले. हॉस्पिटलातच गेले. त्याच हॉस्पिटलात त्यांची बायको, आमच्या काकू, दोन वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जात होत्या. मूत्रपिंडं बंद पडलेली. चार तास यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यायचं, तेव्हा पुढचे तीन-चार दिवस मिळायचे. आधी मास्तर गाडीनं नेत, ते गेल्यावर ताई नेऊ लागली. ताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. सकाळी आईला सोडायचं, मग ऑफिसला पळायचं, दुपारी परत आणायचं.

तर सोमवारी ताईनं मला बोलावलं. "दादा, गाडी रस्त्यात आचके देतेय. उद्या आईला न्यायचंय."

पाहिलं तर डिस्ट्रिब्युटर गेला होता. इंजिनात चार सिलिंडर, चौघेही ठिणगीची वाट बघत बसलेले. कोणाला कधी ठिणगी द्यायची हे ठरवणारा कारकून म्हणजे डिस्ट्रिब्युटर. हा कारकून म्हातारा झाला होता. मी तो काढला, आणि अगदी शिस्तीत काढला. इंजिनाच्या पुलीवर एक खूण असते, ती वर आणून ठेवली. डिस्ट्रिब्युटरचा काटा जिकडे बघत होता तिकडे खडूनं रेघ मारली. चारही वायरींना डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाजवळ दोऱ्याच्या गाठी मारल्या: पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. ही माझी जुनी पद्धत आहे. मग नवा डिस्ट्रिब्युटर आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि दुपारी परतलो.

पुलीवरची खूण थोडी सरकलेली दिसली. माझाच हात लागला असेल म्हणून पान्यानं फिरवून ती जागेवर आणली. नवा डिस्ट्रिब्युटर खडूच्या रेघेवर बसवला, वायरी गाठी मोजून लावल्या आणि ताईला म्हटलं, मार चावी.

"खॉक!"

परत मारली. "खॉक!" चालू होण्याचं नाव नाही.

मी उपाशी, त्यात ऊन. सहज तोंडातून निघून गेलं, "मास्तरांच्या मनात दिसत नाही आज."

पाच शब्द. गॅरेजमध्ये आम्ही असले विनोद दिवसातून दहा वेळा करतो. पण संध्याकाळपर्यंत ते पाच शब्द गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि येताना आणखी पन्नास घेऊन आले. मिस्त्री स्वतः म्हणाला म्हणे, गाडीत मास्तर आहेत!

मंगळवारी ताईनं टॅक्सी दारात आणली. काकू पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या.

"मी नाही येणार. त्यांच्या मनात नाही."

"आई, गाडी बिघडलीय फक्त."

"बिघडलेली गाडी खोकत नाही. तिथून ते परत आले नाहीत ना, म्हणून मला अडवतायत."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. आता मी काहीतरी बोलायला हवं होतं. "काकू, तो पेट्रोलचा आवाज आहे," मी म्हटलं.

"मग बंद कर तो," काकू शांतपणे म्हणाल्या.

मला तो बंद करता येत नव्हता. टॅक्सी रिकामी परत गेली.

पुढचे दोन दिवस मी प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर खोलून धुतला. डिस्ट्रिब्युटरकडे मात्र पुन्हा पाहिलं नाही. कारण तिथे खूण होती ना! खूण बरोबर, रेघ बरोबर, गाठी बरोबर, म्हणजे चूक माझी नाहीच. मी चावी मारायला सांगायचो, गाडी खोकायची, आणि खिडकीत बसलेल्या काकू पदर सावरायच्या. मास्तर खोकले की त्या पदर सावरत असत. 

गुरुवारी समोरच्या वहिनींनी शालवाल्या बाबांना आणलं. तोच हा दिवस, ज्या दिवशी गर्दी मागे सरकली.

बाबांच्या अंगावर भली मोठी जाड शाल, मागे एक शिष्य. आल्या आल्या त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला हळूच लाथ मारून पाहिली आणि डोळे मिटले.

"आत्मा हा पेट्रोलसारखा आहे," बाबा म्हणाले. "दिसत नाही, पण वास येतो."

"वा!" शिंपी म्हणाला.

"देह सुटला. क्लच सुटला. पण गिअर? गिअर अडकलाय! याला न्यूट्रल कोण करणार?"

"तुम्हीच, बाबा!" वहिनी म्हणाल्या.

"मी कोण? मी तर नुसता स्टार्टर!"

मला हसू येत होतं, पण चार दिवस गाडी सुरू न करू शकलेल्या मिस्त्रीनं कोणत्या तोंडानं हसायचं? बाबांनी चावी मारायला सांगितली. गाडी खोकली. गर्दी मागे सरकली ती तेव्हा. एकटे बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी मान तिरकी करून तो आवाज ऐकला, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. ते मी पाहिलं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला तेव्हा नखांच्या कडेला काळी रेघ दिसली, तीही पाहिली. ती रेघ साबणानं जात नाही. माझ्याही नखांत आहे. पाहिलं सगळं, पण डोक्यात प्रकाश पडला नाही.

"सगळ्यांनी पाठ फिरवा आणि डोळे मिटा," बाबा म्हणाले. "गेलेल्या माणसाला बघ्यांची लाज वाटते. आणि मिस्त्री, तू जरा जास्तच लांब जा. तुझ्या हाताला अविश्वासाचं ग्रीस लागलंय."

लोक हसले. मी भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. बाबांनी शाल पूर्ण इंजिनावर पसरली, स्वतः तिच्याखाली कमरेपर्यंत शिरले आणि आतून मोठमोठ्यानं काहीतरी गाऊ लागले. अधूनमधून आवाज आला, "माउली, वचन दे! त्या ठिकाणी जाणार नाही म्हण!"

"नाही जाणार," खिडकीतून काकू म्हणाल्या.

"तीनदा!"

काकूंनी तीनदा म्हटलं. पाचेक मिनिटांनी बाबा घामाघूम होऊन बाहेर आले. "मुली, फिरव चावी."

गाडी सुरू झाली. खोकला नाही, आचका नाही, एकसारखी घुरघुर. शिंप्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकू कशाबशा उठून बाहेर आल्या आणि त्यांनी गरम होत चाललेल्या बॉनेटवर तळहात ठेवला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मीसुद्धा डळमळलो होतो. मी पुस्तकं वाचलेला, भुताखेतांची टर उडवणारा माणूस. पण समोर गाडी चालू होती आणि ती मी चालू केलेली नव्हती.

मग बाबांनी हुकूम सोडले. हॉस्पिटलचं नाव काढायचं नाही. त्याऐवजी बाबांनी फुंकलेलं पाणी दिवसातून तीन तांबे प्यायचं. आणि मास्तरांचा जीव शांत व्हावा म्हणून गाडी रविवारपासून चाळीस दिवस आश्रमाच्या सेवेला द्यायची.

"तीन तांबे?" ताई किंचाळलीच. "डॉक्टरांनी तिला पाणी मोजून दिलंय! ते बाहेर जायला वाट नाही, अंगात साठतं!"

"मुलीचा गिअर उलटा पडतोय," बाबा हसून म्हणाले. गर्दीनं ताईलाच गप्प केलं.

शुक्रवारही गेला. काकूंचे पाय सुजले; घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून त्या खुर्चीत बसूनच झोपायच्या. ताईनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "दोन पाळ्या चुकल्या. तिसरीची वाट बघू नका, उचलून आणा."

"कशी उचलून आणू?" ताई मला विचारत होती. "ती शुद्धीवर आहे आणि नाही म्हणतेय. आणि तुला सांगू दादा? ती खूश आहे. तीन महिन्यांत पहिल्यांदा."



शनिवारी दुपारी मी गेलो तो माझा पाना परत आणायला. तो बॉनेटमध्येच राहिला होता. बॉनेट उघडलं, पाना उचलला, आणि नजर एका वायरीवर गेली. ती ताणलेली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. मी लावलेल्या वायरी कधी ताणलेल्या नसतात. वाकून गाठ पाहिली. एक गाठ. पहिल्या सिलिंडरची वायर, आणि बसली होती चौथीच्या जागी! चौथी पहिलीच्या जागी. दुसरी तिसरीच्या, तिसरी दुसरीच्या. तेलानं काळ्या झालेल्या दोऱ्याच्या गाठी शालीखालच्या अंधारात बाबांना दिसल्याच नव्हत्या.

मी तिथेच मडगार्डवर बसलो. वायरी अदलाबदल केल्यावर गाडी चालते, याचा अर्थ डिस्ट्रिब्युटर मी बरोबर अर्धा फेरा उलटा बसवला होता. पण खूण? खूण तर जागेवर होती. मग लक्षात आलं, आणि लाजेनं कान तापले. पुलीवरची ती खूण इंजिनाच्या एका चक्रात दोनदा वर येते. एकदा ठिणगीच्या वेळी, एकदा धूर बाहेर फेकायच्या वेळी. दिसायला दोन्ही सारख्याच. नक्की कोणती वेळ आहे हे कळायला पहिला प्लग काढायचा आणि त्या भोकावर बोट ठेवायचं. आतली हवा बोटाला ढकलते तीच ठिणगीची वेळ. शिकाऊ पोरालाही हे माहीत असतं. मी खुणेवर विश्वास ठेवला आणि बोट ठेवलं नाही. वेळ चुकली की ठिणगी भलत्याच क्षणी पडते आणि पेट्रोलचा भपकारा कार्ब्युरेटरमधून उलटा येतो. "खॉक!"

पण इंजिन फिरलं कसं? मी शिंप्याच्या दुकानात गेलो.

"सोमवारी मी सामान आणायला गेलो तेव्हा गाडीला कोणी हात लावला?"

"हात कोण लावणार? कपाटवाल्याची गाडी आत यायची होती, म्हणून आम्ही चौघांनी आपली थोडी पुढे ढकलली. काय जड गेली रे! आचके देत देत गेली."

"गिअरमधे होती?"

शिंप्यानं माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. "अर्थात! आपली गाडी उभी असताना गिअरमधून कधी काढायची नाही."

गिअरमध्ये गाडी ढकलली की चाकांबरोबर इंजिन फिरतं; तसं ते फिरून भलत्याच वेळेच्या खुणेजवळ थांबलं होतं. चौघेही मास्तरांचे विद्यार्थी. धडा चोख पाठ.

ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईला घरात सांगून पटणार नाही. उद्या सगळ्यांसमोर दाखव."

रविवारी सकाळी बाबा गाडी न्यायला आले. गल्ली गोळा झाली. काकूंना दारात खुर्चीवर बसवलं होतं; चेहरा सुजलेला, श्वास वरच्यावर.

मी बॉनेट उघडलं. "आज कोणी पाठ फिरवायची नाही," मी म्हटलं. "डोळे उघडे ठेवा. शिंपीदादा, चावी तुम्ही मारा. काकू, तुम्ही म्हणा, मी हॉस्पिटलात जाणार."

"असं भलतं..." वहिनी म्हणाल्या.

काकूंनी मान हलवून नकार दिला. त्यांच्याऐवजी ताई म्हणाली, "आई आज हॉस्पिटलात जाणार." शिंप्यानं चावी मारली. गाडी गुमान सुरू झाली.

मी ती बंद करायला लावली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चार वायरी उपटल्या आणि अदलाबदल करून बसवल्या. "आता म्हण, आई जाणार नाही."

"आई जाणार नाही."

"खॉक!"

गर्दी मागे सरकली, पण या वेळी एकच पाऊल.

"म्हणजे जाणार नाही म्हटलं तरी मास्तर खोकतायत," शिंपी सावकाश म्हणाला.

"वहिनी, या इकडे. आता तुम्ही बदला. गाठी मोजा आणि मी सांगतो तशा लावा."

वहिनींनी भीत भीत वायरी लावल्या. गाडी सुरू झाली. त्यांनी आपल्या काळ्या बोटांकडे पाहिलं आणि मग बाबांच्या नखांकडे.

"बाबा, पूर्वी कुठल्या गॅरेजला होतात?" मी विचारलं.

"हात कोणाचे का असेनात, करवून घेणारा तो आहे," बाबा शाल सावरत म्हणाले. "तू बिघडवलंस, त्यानं माझ्याकडून सुधारून घेतलं."

यातला पहिला भाग खरा होता आणि तो मला झोंबला. "हो, मी बिघडवलं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "चूक माझी. ती मला सापडेना, म्हणून मी मास्तरांवर ढकलली. यांना आवाज ऐकूनच चूक कळली होती. सांगितली असती तर गुरुवारीच गाडी सुरू झाली असती आणि शुक्रवारी काकू हॉस्पिटलात असत्या. यांनी चूक लपवली आणि वर तीन तांबे पाणी पाजलं."

बाबांना कोणी मारलं नाही, पकडलं नाही. ते निघून गेले. दुसऱ्या कुठल्यातरी गल्लीत गेले असतील. माझं त्यापुढे काही चाललं नाही.

काकू माझ्याकडे बघत होत्या. "म्हणजे ते नव्हते."

"नव्हते, काकू."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

माझ्या हातून तो माणूस त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा गेला.  काकू खुर्चीच्या दांड्याला धरून उठू लागल्या. "मग मला अडवलंय कोणी?" असं म्हणाल्या आणि ताईच्या खांद्यावर भार टाकून गाडीत बसल्या.

हॉस्पिटलात त्यांना थेट आत घेतलं. फुप्फुसांत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आताच काही सांगता येणार नाही. मी आणि ताई बाहेर बाकावर बसून राहिलो. तिथे बसल्या बसल्या जे मनात आलं ते तुम्हाला सांगतो, कारण ही गोष्ट त्यासाठीच लिहिली. आम्ही काही मूर्ख माणसं नव्हतो. आम्हाला एक गोष्ट कळत नव्हती, आणि 'कळत नाही' असं म्हणायची लाज वाटली. त्या रिकाम्या जागेत बाबा येऊन बसला. तेव्हा कळत नसेल तर कळत नाही म्हणा, आणि शोधत राहा. कोणी डोळे मिटायला सांगितले तर ते उघडे ठेवा. आणि आपली खूण कितीही पक्की वाटली तरी एकदा बोट ठेवून बघा. दुखणं असेल तर डॉक्टरकडे जा, आजच जा.

काकू वाचल्या. बुधवारी घरी आल्या. गल्लीत दोघं-तिघं अजून म्हणतात, काही झालं तरी बाबांच्या हाताला गुण होता.

घरी आल्यावर काकू गाडीतून उतरेनात. "तो आवाज तुला पुन्हा काढता येईल?" त्यांनी मला विचारलं.

"येईल."

"एकदा काढ."

मी ताईकडे पाहिलं. तिनं मानेनंच हो म्हटलं. मी बॉनेट उघडलं, वायरी उलट्या लावल्या. ताईनं चावी मारली.

"खॉक!"

काकूंनी पदर सावरला. डोळे त्यांनी मिटले नव्हते. त्या माझ्या हातांकडे नीट बघत होत्या.

"क्लच," त्या हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लाव आता नीट. शुक्रवारी जायचंय."